गावाने सांभाळलेला माणूस

व्याख्यानाला जमणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांचे मूळ खेड्यात असते. वाशीम शहरही त्याला अपवाद नाही. कोणी रिसोडकडच्या खेड्यातून शिकायला आला आणि येथेच राहिला. कोणाला मानोऱ्याकडून नोकरीने आणले. कोणी मालेगाव-मंगरूळपीरकडून दुकान घालायला आला. या सर्वांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. तुमच्या गावात कोणी ‘वेडा’ होता काय?

हा प्रश्न ऐकून माणसे प्रथम हसतात. होता, असतोच! मारुतीच्या पारावर किंवा एस. टी. च्या थांब्यावर तो बसलेला असे. तो सारखा कोणाशी तरी बोले, पण ते कोणीतरी इतरांना दिसत नसे. लग्नाच्या पंगतीत त्याचे पान न सांगता मांडले जाई. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पुढे तोच आधी निघे. लहान मुले त्याच्या मागे लागत, आणि एखादी म्हातारी काठी उगारून मुलांना पिटाळी. एवढे आठवून झाले की हसू हळूहळू मावळते, कारण पुढचे दोन प्रश्न अवघड असतात. त्याचे खरे नाव काय होते? आणि पुढे त्याचे काय झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर मिळते ते इतकेच की, एके दिवशी तो दिसेनासा झाला.

गावाचे त्या माणसावर प्रेम होते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु ते प्रेम कशाचे बनलेले होते, कोठपर्यंत ते पुरे पडले आणि कोठे अपुरे ठरले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो येथे थोडा करावा असा आमचा विचार आहे. त्यासाठी प्रथम आपल्याच वऱ्हाडातल्या एका गावी, सातशे वर्षे मागे जावे लागेल.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. मराठी भाषा विद्यापीठासाठी अलीकडे शासनाने हेच गाव निवडले, त्यामुळे त्याचे नाव वर्तमानपत्रांतून अनेकांच्या वाचनात आले असेल. तेराव्या शतकात या गावात गुंडम राऊळ राहत असत. महानुभाव पंथाचे लोक त्यांना गोविंदप्रभू म्हणतात. पंचकृष्णांपैकी ते एक आणि चक्रधरस्वामींचे गुरू. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पंथाच्या दृष्टीने ते परमेश्वराचे अवतार आहेत, आणि त्या श्रद्धेला धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. शिवाय सातशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाला आजच्या एखाद्या रोगाचे नाव चिकटवणे इतिहासालाही धरून होणार नाही आणि वैद्यकालाही. आमचा विषय राऊळ नाहीत. त्यांच्या भोवतीचे गाव हा आमचा विषय आहे.

कारण त्या गावातले लोक त्यांना उघडपणे ‘वेडे’ आणि ‘पिसे’ म्हणत असत, असे त्यांचे चरित्रच सांगते. राऊळांचे आईबाप लहानपणीच गेले. मामा-मावशींनी त्यांना रिद्धपुरास आणून वाढविले. मोठेपणी त्यांचे वागणे कोणत्याच नियमात बसेना. ते गावभर हिंडत. एकटेच खेळत, एकटेच हसत. देवळात जाऊन मूर्तीशी बोलत. मनात आले की कोणाच्याही घरात शिरून शिजलेले अन्न घेत. बाजारात एखाद्या दुकानी जाऊन खाऊ उचलत. क्षणात रागावत आणि क्षणात खूश होत. अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या घरी ते जात, तेथे खात, आणि तेथून उठून ब्राह्मणांच्या घरांतही जात. सोवळ्याओवळ्याचा कडेकोट असलेल्या त्या काळी ही शेवटची गोष्ट लहान नव्हती. दुसऱ्या कोणी असे केले असते, तर त्याला वाळीत टाकले गेले असते.

मग गावाने काय केले? लोक कुरकुरले, चिडले, मागे हसलेही. पण त्यांनी दारे लावली नाहीत. ज्या तोंडांनी ते ‘वेडे’ म्हणत, त्याच तोंडांनी त्यांना आई आणि बापही म्हणत. घरात कोणी अडलेले असले, मूल आजारी पडले, पाणी आटले, की तेच लोक राऊळांकडे धाव घेत. ‘वेडा’ आणि ‘मायबाप’ या दोन शब्दांमध्ये त्या गावाला विसंगती वाटली नाही. आम्हांला ती वाटते, याचे कारण आमच्या काळात ‘वेडा’ या शब्दाने माणसाचा हिशेबच मिटवला जातो. त्या एका शब्दानंतर त्याच्याविषयी आणखी काही सांगायचे उरत नाही.

राऊळांना केवळ चार घरचे अन्न मिळाले असे नाही. त्यांना सांभाळणारी माणसेही मिळाली. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी त्यांच्या शिष्यांना अंतरले. तेव्हा नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपुरास येऊन राऊळांच्या सेवेत राहिले, ते १२८७ च्या सुमारास राऊळांचे देहावसान होईपर्यंत. म्हणजे दहा-बारा वर्षांहून अधिक काळ. त्यांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, ते रुसले तर समजूत काढणे, ते निघाले की मागोमाग जाणे, हे या मंडळींचे रोजचे काम होते. या सेवेतला एक प्रसंग तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला आहे. राऊळांना एकदा लग्न करावे असे वाटले. वय झालेले, विरक्त वृत्तीचे राऊळ, आणि त्यांना हौस वाटली लग्नाची! आपण असतो तर ‘काय हे वेड’ म्हणून विषय टाळला असता. त्या मंडळींनी मात्र लग्नाचा सोहळा मांडला. लग्न म्हटले की गाणी हवीत. महदाइसेने ती रचली. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे तिचे ‘धवळे’ ते हेच. महदाइसा ही मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. एका ‘वेड्या’ समजल्या जाणाऱ्या पुरुषाची हौस सभोवतालच्या माणसांनी मनावर घेतली, त्यातून मराठी स्त्रीचे पहिले काव्य जन्माला आले, एवढी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

राऊळ गेल्यावर त्यांची आठवणही नीट जपली गेली. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्या रीतीने गोळा केल्या होत्या, त्याच रीतीने राऊळांच्याही केल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांना विचारावे आणि ते जसे सांगतील तसे लिहून घ्यावे, ही त्यांची पद्धत होती. तीनशेहून अधिक लहान-लहान प्रसंगांचे ते चरित्र तयार झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी ते संपादित करून १९४४ साली छापले, आणि १९८४ मध्ये अॅन फेल्डहाऊस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. या चरित्रात मोठा उपदेश नाही. राऊळ आज कोठे गेले, कोणाच्या घरी काय खाल्ले, कोणावर रागावले, कोणाचे मूल खेळवले, हीच त्यातली सामग्री. मराठीतल्या अगदी आरंभीच्या गद्यचरित्रांपैकी एक हे असे, गावाने ज्याला वेडा म्हटले त्याच्या साध्या दिनक्रमाने भरलेले आहे.

येथे कोणी म्हणेल की, राऊळ अवतारी म्हणून लोकांनी त्यांना सांभाळले. हे खरे आहे, आणि नेमका येथेच आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. १८७८ साली शेगावात एक अनोळखी पुरुष टाकलेल्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना दिसला. त्याला हाकलले न जाता अन्नपाणी दिले गेले, आणि पुढे साऱ्या वऱ्हाडाने त्यांना गजानन महाराज म्हणून ओळखले. न जाणो, समोरचा कोणी सिद्धपुरुष असेल, या भावनेने आमच्या मुलखात पुष्कळ अनाथांना भाकर मिळाली असेल. ती भावना आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण पत्रावळीवरची शिते वेचणारा प्रत्येक माणूस संत नसतो. बहुतेक वेळा तो केवळ भुकेला आणि आजारी असतो. त्याला जेवू घालण्यासाठी त्याने अवतार असण्याची अट का असावी? आपल्या गावचा तो पारावरचा माणूस कोणी अवतार नव्हता. त्याचा हक्क माणूस म्हणून होता.

आता गावाच्या प्रेमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नाहीतर आपण जुन्या दिवसांच्या नावाने नुसते उसासे टाकत बसू. त्या प्रेमात खोड्या होत्या. त्याला मुद्दाम चिडवून शिव्या द्यायला लावायच्या आणि हसायचे, हा मोठ्या माणसांचाही खेळ होता. त्यात भीती होती. अंगात काही आले म्हणून मिरच्यांची धुरी, चाबकाचे फटके, देवस्थानी साखळीने बांधून ठेवणे, हेही त्याच गावांनी केले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ रुग्ण जळून मेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेले होते, म्हणून पळता आले नाही. त्यांच्या घरच्यांचे त्यांच्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? बरे वाटावे म्हणूनच त्यांना तेथे आणले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गावाच्या आठवणीतला हा लाडका वेडा नेहमी पुरुष असतो. वेड लागलेली बाई गावाला आठवते का? ती पारावर बसलेली नसते. तिला आतल्या खोलीत कोंडलेले असते, नाहीतर माहेरी आणून टाकलेले असते. आणि रस्त्यावर आलीच, तर तिचे हाल सांगवत नाहीत. ओट्यावर बसून सर्वांचे कौतुक मिळविण्याची सवलत गावाने पुरुषालाच दिली. त्या पुरुषाच्या मागे तरी कोण होते? एक आई, एखादी बहीण, एखादी भावजय. गाव त्याला सणाचे जेवण घाली, पण रोजची आंघोळ, रोजची भाकर आणि रात्री तो परतला नाही तर कंदील घेऊन शोधायला जाणे, हे त्या एका बाईचे काम होते. म्हणून ‘एके दिवशी तो दिसेनासा झाला’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की, त्याच्या आधी काही महिने त्याची आई वारली. ज्याला आपण गावाचे प्रेम म्हणतो, त्याचा मोठा भाग एका घरातल्या एका बाईचे कष्ट होते, आणि ती गेल्यावर ते काम कोणी हाती घेतले नाही. रिद्धपूरच्या मठात राऊळांभोवती दहा माणसे होती. पारावरच्या माणसाला एकच होती.

गाव ज्याला एका शब्दात ‘वेडा’ म्हणते, त्या शब्दाखाली खरे पाहता चार-पाच निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. कोणाची बुद्धी जन्मापासूनच कमी वाढलेली असते. हा रोग नव्हे. त्याला हवे असते शिक्षण आणि आधार. कोणाला फेफरे येत असते. ते मेंदूच्या विजेच्या गडबडीमुळे, आणि औषधाने बहुतेकांचे झटके थांबतात. कोणी काही महिने अतिउत्साहात गावभर धावतो, उधळपट्टी करतो, आणि पुढचे काही महिने अंथरुणातून उठत नाही. हा मनाच्या दोन टोकांचा विकार. कोणी म्हातारपणी घरची वाट विसरतो. आणि कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटते, तो हळूहळू माणसांतून उठतो. याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. हा विकार बहुधा ऐन तारुण्यात, अठरा ते तीसच्या दरम्यान सुरू होतो. म्हणूनच लोक म्हणतात, ‘चांगला शिकत होता हो, आणि एकाएकी काय झाले!’ शिकण्याने ते झाले नाही, करणीने झाले नाही, आईबापांच्या चुकीनेही झाले नाही. काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी मेंदूतल्या रसायनांचा बिघाड आणि काही अंशी आयुष्यातले आघात, अशी त्याची कारणे एकत्र येतात. ही कारणे वेगळी, उपाय वेगळे. आणि सर्वांना एकच नाव दिल्यामुळे कोणालाच उपाय मिळत नाही, हे आपल्या गावांचे दुर्दैव.

हा प्रश्न किती माणसांचा आहे? २०१५-१६ साली भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तीत १२ राज्ये घेतली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तरी अंदाज बांधायला ती उपयोगी आहे. प्रौढ माणसांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि शेकडा ०.८ जणांना गंभीर विकार होता. दोन हजार वस्तीच्या गावात प्रौढ माणसे तेराशे-चौदाशे धरली, तर गंभीर विकाराचे दहा-अकरा लोक निघतील. गावाला आठवतो तो एक. बाकीचे नऊ-दहा कोठे असतात? ते घरात असतात. आणि याच पाहणीप्रमाणे, निरनिराळ्या विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सत्तरपेक्षा कमी नव्हे इतक्यांना कसलाच उपचार मिळत नव्हता.

उपचार म्हटले की आपल्या भागात जुन्या लोकांना एकच गाव आठवते, नागपूर. तेथील मनोरुग्णालय १८६४ चे. वाशीमहून ते दोनशेहून अधिक किलोमीटर. ‘नागपूरला टाकले’ या शब्दांत जी ‘टाकण्या’ची क्रिया आहे, तीच त्या काळची व्यवस्था होती. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी’चे, म्हणजे वेडेपणाचे होते. त्यात दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि भिंती यांवर भर होता, कारण औषध म्हणून हाती फारसे काही नव्हते. एक मात्र होते, आणि ते आपल्याच मातीतले. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर उपयोग आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होता. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन वैद्यांनी १९३१ साली त्यावर शास्त्रीय लेख लिहिला. पुढे १९५२ मध्ये सर्पगंधेतील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध रुग्णांवर वापरले गेले. त्यानंतर वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे घरी जाऊ लागली.

पण घरी जाऊन काय? या प्रश्नाचे एक उत्तर अमृतसरच्या मनोरुग्णालयाने दिले. डॉ. विद्यासागर तेथे प्रमुख होते. जागा अपुरी होती. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाच तेथे राहायला बोलाविले. घरच्या माणसांनी रोग कसा असतो ते डोळ्यांनी पाहिले, औषधाचा गुण पाहिला, इतर कुटुंबांशी बोलून त्यांची लाज गेली. आणि रुग्ण लवकर बरे होऊन त्याच माणसांबरोबर परतू लागले. युरोपात बेल्जियममधील गील या गावी हीच गोष्ट मध्ययुगापासून चालत आली आहे. तेथे देवस्थानाला आलेले रुग्ण गावातल्या कुटुंबांत राहू लागले, आणि ती रीतच पडली. १९३८ च्या सुमारास त्या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण लोकांच्या घरी राहत होते. पुढे ती संख्या खूप कमी झाली. आम्हांला त्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. गीलचे लोक केवळ दयाळू आहेत म्हणून ही रीत टिकली नाही. एकोणिसाव्या शतकापासून त्यांच्या पाठीशी रुग्णालय आहे, डॉक्टर घरी येऊन पाहतात, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाला खर्चापोटी रक्कम मिळते. म्हणजे प्रेम घराचे आणि आधार व्यवस्थेचा, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील एक जिल्हा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना नुसते दवाखान्यातले उपचार मिळाले. इतरांच्या घरी त्यांशिवाय गावातलीच शिकवून तयार केलेली माणसे जात राहिली. ही माणसे डॉक्टर नव्हती. औषध घेतले का, आंघोळ केली का, कामाला लागता येईल का, घरच्यांना काय अडचण आहे, एवढेच ती पाहत. वर्षअखेरीस दुसऱ्या गटाची प्रकृती थोडी पण निश्चित अधिक सुधारली होती. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात, उदास विकाराच्या शंभर रुग्णांपैकी पूर्वी चारांनी मदत घेतली होती, ती संख्या सत्तावीसवर गेली, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत वाशीम जिल्हा होता. घर सोडून भटकणाऱ्या रुग्णांना उचलून, बरे करून त्यांच्या गावी पोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेतून करतात. ती संस्था १९८८ ची, आणि २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘दिसेनासा झालेला’ माणूस हजार मैलांवर जिवंत असू शकतो, आणि बरा होऊन आपल्या गावाचे नावही सांगू शकतो, हे या कामाने दाखवून दिले.

कायदाही बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात कोणत्याही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. रस्त्यावर असा कोणी भटकताना आढळला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत आरोग्यसंस्थेत न्यावे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि तेही मराठीतून. जिल्ह्याच्या रुग्णालयात मनोविकारांच्या उपचारांची सोय असावी, हे तर राष्ट्रीय कार्यक्रमाचे १९९६ पासूनचे धोरण आहे. तेव्हा ‘नागपूरला टाकणे’ हा आता एकमेव मार्ग उरलेला नाही. आमच्या नातलगांपैकी कोणाला अशी गरज पडली, तर आम्ही शंभर देवस्थानांच्या आधी हा दरवाजा ठोठावू. देवाला जाण्यास आमची हरकत नाही. पण गोळ्या बंद करून जाऊ नये.

एवढे सांगितल्यावर सर्व काही औषधाने होईल असा समज होऊ नये. गोळी आवाज थांबवते. पण आवाज थांबल्यावर जी शांतता येते, तीत बोलायला कोणी असावे लागते. गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे लवकर मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ती बहुधा मनोविकाराने मरत नाहीत. ती मधुमेहाने, क्षयाने, हृदयविकाराने, उपेक्षेने मरतात. छातीत दुखते असे ‘वेड्या’ने सांगितले, तर कोण मनावर घेतो? म्हणून गाव जे करीत होते, म्हणजे पान मांडणे, नावाने हाक मारणे, सणाला बोलावणे, ते सोडून द्यायचे नाही. त्यात जे कमी होते ते मिळवायचे. कमी होते ते औषध, आणि त्या आईच्या मदतीला आणखी दोन हात. प्रेमावाचून औषध कोरडे, आणि औषधावाचून प्रेम आंधळे, असे आम्हांला वाटते.

शहरात आल्यावर आपण तर दोन्ही सोडली आहेत. पद्मतीर्थाच्या काठी, बालाजीच्या देवळाबाहेर, एस. टी. स्थानकावर, असा कोणी बसलेला दिसला तर आपण रस्ता बदलतो. खेड्यात त्याला निदान टोपणनाव असे. शहरात तेही नसते. आपल्याच घरात असा कोणी असला, तर लग्नकार्याच्या दिवशी त्याला आतल्या खोलीत बसवतो, मुलीच्या सोयरिकीला अडथळा येऊ नये म्हणून. गावच्या वेड्याची आठवण काढून डोळे ओले करणाऱ्यांनी आधी आपल्या आतल्या खोलीचे दार उघडावे.

शेवटी आम्ही पुन्हा म्हाइंभटांकडे येतो. त्यांनी केले ते साधे होते. ते लोकांकडे गेले आणि विचारू लागले. आपल्यालाही ते करता येईल. या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : तो पारावर बसायचा, त्याचे खरे नाव काय होते? त्याच्या आईचे नाव काय? त्याला काय आवडायचे? तो कशाला भ्यायचा? कोणी कधी त्याला डॉक्टरकडे नेले होते का? एवढे विचारले तरी त्या गावात आज जो दुसरा कोणी तसा आहे, त्याच्याकडे लोकांचे लक्ष आपोआप वळेल. आणि तुम्ही उठायला लागाल तेव्हा तो म्हातारा कदाचित हळूच म्हणेल, ‘बाप्पा, आमच्या घरातही एक आहे.’ तेव्हा मात्र पुन्हा खाली बसा. १४४१६ हा क्रमांक त्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्याचा दिवस ठरवून, जमले तर त्याच्याबरोबर स्वतः जा.